सरपंचाचा शिक्का

तामसी गावात कायदा कोणी वाचला नव्हता, पण लक्ष्मणरावांना तो तोंडपाठ होता. तहसील कचेरीत सत्तावीस वर्षं चपराशी होते ते. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसून त्यांनी कानांनी जेवढं ज्ञान घेतलं, तेवढं साहेबानं डोळ्यांनीही घेतलं नसेल. म्हणून जयवंताबाईला चौथ्यांदा दिवस गेले आणि तिला ते नको होतं, तेव्हा तिचा नवरा उद्धवराव दवाखान्यात न जाता या काकांच्या ओसरीवर गेला. शहाणा माणूस!

"कायदा हाय ना बाप्पा," लक्ष्मणराव सुपारी कातरत म्हणाले. "आदिलाबादले सरकारी दवाखान्यात पोट पाडून देतेत. पण दरखास्त पायजे. नवऱ्याची सही, सासूचा अंगठा, सरपंचाचा शिक्का. नाई तं सीधा जेल!"

उद्धवरावानं सही केली. सासू रेणुकाबाई रुसल्या होत्या, त्यांचा अंगठा मिळायला आठ दिवस गेले. सरपंच लेकीची सोयरीक जमवायला किनवटला जाऊन बसले, ते तिकडचेच झाले. पोटातलं मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नव्हतं. मागच्या बाळंतपणात जयवंताचं इतकं रक्त गेलं होतं की अजूनही कापूस वेचताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. हे बाळंतपण आपल्याला घेऊन जाईल आणि तीन लेकरं उघडी पडतील, ही भीती तिला झोपू देत नव्हती.

बयनाबाई सुईण मात्र फार दयाळू. ती दरखास्त मागत नसे. तिला पोट पाडायला एक काडी आणि मोबदल्याला एक खण पुरे.

"काऊन एवढी धावपळ करून राह्यली व माय? दोन घटकेचं काम!"

गेल्या पोळ्याला जयवंताच्या धाकट्या जावेचं, मनकर्णाचं काम तिनं असंच दोन घटकेत केलं होतं. मनकर्णाचीही दरखास्त लक्ष्मणरावांनीच लिहिली होती. शिक्क्याची वाट पाहून ती थकली आणि बयनाबाईकडं गेली. मग तापानं फणफणली आणि पाचव्या दिवशी संपली. गावानं बाहेरची बाधा ठरवली. बाधेचं बरं असतं, तिला कोणी जाब विचारत नाही.

"काडीपक्षा जेल बरं," जयवंता म्हणाली आणि अर्धवट दरखास्त पोलक्यात खोचून एकटीच बसमध्ये चढली.

दवाखान्यातल्या विनोदिनी डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"हे काय आहे?"

"दरखास्त जी. शिक्का राह्यला. जेलात टाकता का?"

बाईंनी आधी हसू गिळलं, मग राग गिळला. वय विचारलं, पाळीची तारीख विचारली, तपासलं, रक्त पाहिलं.

"अकरावा आठवडा आहे. रक्त फार कमी. हे बाळंतपण तुमच्या जिवावर बेतेल. बारा आठवड्यांच्या आत काम सोपं असतं, मग अवघड होत जातं. बरं झालं आज आलात. सरपंचाची वाट पाहिली असती तर?"

"पण सह्या?"

"तुम्ही अठ्ठावीस वर्षांच्या बाई आहात. तुमची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची नको, सासूची नको, आणि सरपंचाचा इथं संबंधच काय? आम्ही कोणाला सांगतही नाही. घरी गेल्यावर ताप आला, रक्त जास्त गेलं, तर तशीच इथं यायचं. दुसऱ्या कोणाकडं नाही."

नर्सनं कागद आणि शाई पुढं केली.

"मले सही नाई येत."

"अंगठा चालतो."

"माहाच? एकटीचा?"

"तुमचाच."

जयवंतानं अंगठा उठवला. मग त्या काळ्या अंगठ्याकडं पाहता पाहता तिला रडू फुटलं. नर्सनं पाठीवर हात ठेवला, "घाबरू नका, जास्त दुखत नाही."

"दुखण्याचं नाई व बाई," जयवंता म्हणाली. "माह्या मनकर्णाले बी अंगठा होता."