गहू चालू ठेवा

रिपोर्ट चांगला आला म्हणून प्लंबर खुशीत होता. त्याची लेक अडीच वर्षांची, घरात तिला ठकी म्हणत. हातपाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखं, आणि वजन अजून वयाच्या मानानं फार कमी. पोटाच्या डॉक्टरीणबाईंना सीलिअ‍ॅकची शंका होती. या आजारात गव्हातला एक अंश आतड्याला आतून इजा करत राहतो आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पण ठकीच्या रक्तात तसं काही सापडलं नाही.

"गहू रोज खाते ना?" बाईंनी विचारलं होतं.

"रोज. सकाळी पाव, दुपारी बिस्किट. मीच आणून ठेवतो," त्यानं छातीठोकपणे सांगितलं.

"मग हे नव्हे. दुसरं काही शोधू. गहू बिनधास्त देत जा."

घरी जाताना त्यानं ठकीसाठी केक घेतला. इमारतीच्या दाराशी वॉचमन खुर्चीवरून उठला.

"साहेब, पाव पोचतो बरं का रोज. आजींना सांगा, फार उपकार झाले."

"कुठला पाव?"

"ठकीचा. तिला आवडत नाही म्हणे. बिस्किटंही देतात. टाकून देण्यापेक्षा बरं ना," असं म्हणून त्यानं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

प्लंबर केक घेऊन तसाच जिना चढला. पाव आणायचा त्यानं, पोरीनं बाळसं धरावं म्हणून, आणि बाळसं धरत होता वॉचमन. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, तसली गत.

सासूबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. त्यांची लेक, म्हणजे प्लंबरची बायको, गेल्यापासून त्या इथेच राहत होत्या. ठकी सात महिन्यांची असताना डोक्यातली नस फुटून ती दोन दिवसांत गेली होती.

"आई, ठकी गहू खाते की नाही?"

"नाही," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "चार महिने झाले. भात, बटाटा, अंडं, तांदळाच्या पिठाचं काहीबाही. तिचे जुलाब थांबले ते काय तुमच्या डॉक्टरणीनं थांबवले?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगून तुम्ही ऐकलं असतंत? जावईबापू, तुम्ही माझ्या लेकीचं तरी कुठं ऐकलंत?"

त्यानं केकचा खोका ओट्यावर ठेवला. ठकीच्या वेळी बायकोचे हाल झाले होते. पाव खाल्ला की पोट धरून बसायची. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना. सगळे म्हणायचे, पोटुशी बाईचं असं व्हायचंच. मग तिनं आपल्या मनानं गहू सोडला आणि जरा उभी राहिली. बरं वाटतंय म्हटल्यावर तपासणी कुणी केली नाही. तो तर थट्टा करायचा, "राणीसरकारांना पाव रुचत नाही, आता काय पंचपक्वान्नं आणू?" ती ज्यानं गेली त्याचा गव्हाशी संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. सासूबाईंनी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना आणि ठकीला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेला. सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मग या रिपोर्टवर विसंबता येत नाही. गहू बंद असला की आजाराची रक्तातली खूणही हळूहळू पुसली जाते. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत मी सहसा हे सांगत नाही, पण हिच्या आईची हकीकत ऐकल्यावर मला पक्कं उत्तर हवंय. काही आठवडे गहू पुन्हा सुरू करा, रोज. मग परत रक्त तपासू. फार त्रास झाला तर मला लगेच फोन करायचा, आपण थांबवू."

"पोर बरी होतेय ते दिसतंय ना?" सासूबाई म्हणाल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"आजी, हा आजार असेल तर जन्मभर गव्हाचा कणही चालणार नाही. आणि नसेल, तर ती दुसऱ्याच कशानं तरी आजारी आहे आणि ते आपण शोधतच नाही आहोत. तुम्ही लावलेला अंदाज बरोबर असेल. पण तिला अंदाजावर किती वर्षं ठेवणार?"

बाहेर आल्यावर सासूबाईंची तोफ सुटली. "या डॉक्टरणीचं काय जातंय? उंटावरून शेळ्या हाकायला कुणालाही येतं. रात्री कळवळणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन मी फिरणार!"

"आई, माझ्या धंद्यातलं सांगतो. भिंतीला ओल आली की लोक आधी नळ बंद करतात आणि मग मला बोलावतात. भिंत सुकलेली. मी कुठं फोडू? पाणी चालू असल्याशिवाय गळती दिसत नाही."

"माझी नात भिंत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर फोडून बघायची नाही, नीट बघायचंय."

सासूबाई ठकीला घेऊन तरातरा पुढे निघाल्या. पण सकाळी पाव त्यांनीच कापला. ठकीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि इतके दिवस आपल्याला हे का मिळत नव्हतं, अशा नजरेनं आजीकडे बघत खाल्ला.

पहिले काही दिवस बरे गेले. मग जुलाब सुरू झाले. खेळणारी पोर कोपऱ्यात जाऊन पालथी पडायला लागली. "बाबा, पोत," एवढंच म्हणायची. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, पाणी भरपूर द्या, पावाचा तुकडा लहान करा, पण गहू चालू ठेवा.

प्लंबरच्यानं ते बघवेना. एका सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या तेव्हा त्यानं ठकीच्या ताटलीतला पाव उचलला, स्वतःच्या डब्यात टाकला आणि तिच्यापुढे केळं ठेवलं. डब्याचं झाकण लावतोय तोवर सासूबाई ओले केस पुशीत दारात उभ्या.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"डबा उघडा."

त्यानं उघडला.

"वा! सासूला अक्कल शिकवायची आणि स्वतः चोरी करायची!" त्यांनी पाव काढून परत ताटलीत ठेवला. "इतके दिवस पोरीनं सोसलं ते काय फुकट घालवायचं? तुमच्यानं बघवत नसेल तर कामावर जा. मी बसते तिच्यापाशी."

तो कामावर गेला. कुणाच्या तरी बेसिनखाली वाकून पाइप जोडताना त्यानं बाहीनं डोळे पुसले. घरमालकीण म्हणाली, धूळ फार आहे का हो? तो हो म्हणाला.

दुसऱ्या रिपोर्टमध्ये त्या खुणेचा आकडा निरोगी माणसाच्या कितीतरी पट होता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा नवा नमुना घेऊन तो आणखी एका पद्धतीनं तपासून घेतला. आता शंका उरली नाही. सीलिअ‍ॅकच. औषध नाही, फक्त पथ्य, पण ते जन्मभराचं. पथ्य पाळलं की पोर इतरांसारखी वाढेल.

"आजपासून बंद?" सासूबाईंनी विचारलं.

"आत्तापासून."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकीलाही हेच होतं."

"असू शकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा आजार घराण्यात असतो. पण आता ते सांगता येणार नाही, आजी."

जिना उतरताना ठकी बापाच्या कडेवर होती. दोन पायऱ्या उतरून सासूबाई थांबल्या. प्लंबरला वाटलं, म्हातारीला काहीतरी दिलासा दिला पाहिजे.

"असणारच, आई. तिला हेच होतं. तुमचंच बरोबर होतं."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "जे माहीत नाही ते माझ्यासाठी सांगू नका. हिचं कळलंय, तेवढं पुरे."

त्यांनी कठडा धरला आणि पुढच्या पायऱ्या उतरल्या. मग तिघं घरी न जाता आधी भांड्यांच्या दुकानात गेले, कारण पाव कापायच्या, गव्हाचे कण रुतलेल्या जुन्या फळीवर ठकीचं आता काहीच कापून चालणार नव्हतं.