चौथा आकडा

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यामागच्या आवारात रविवारी सकाळी दोनशे तरी माणसं जमली होती आणि त्यातल्या निम्म्यांनी तोंडात बोटं घातली होती. बाबांनी पांढराशुभ्र रुमाल एका खटारा गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडावर धरला. पाच मिनिटं इंजिन धडधडत ठेवलं. मग रुमाल उचलून चारी बाजूंनी फिरवून दाखवला. एक डाग नाही! एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले. ते गुडघ्यांवर बसले, नळीच्या तोंडाशी नाक नेलं आणि बागेत आल्यासारखा छाती भरून श्वास घेतला.

“आहाहा!” बाबा म्हणाले.

“आहाहा!” गर्दी म्हणाली. वास एकट्या बाबांनी घेतला होता, पण सुगंध सगळ्यांना आला.

“मायबापहो, इंजिनालाही मन असतं,” बाबांनी सूर लावला. “एका गाडीतून काढलं, दुसऱ्या गाडीत बसवलं. परकं घर! ओळखीचं कोणी नाही. मग ते रुसतं, आतल्या आत धुमसतं. तुम्ही म्हणता धूर. अहो, धूर कसला, राग आहे तो त्याचा! मी फक्त समजूत घालतो. नांदवतो त्याला.”

तीन वर्षांपूर्वी हेच बाबा याच आवारात फुटक्या सायलेन्सरना जोड देत बसायचे. तेव्हा त्यांना कुठल्या इंजिनाचं मन दिसलं नव्हतं. ते दिसायला लागलं नवा नियम आल्यापासून. इंजिन बदललेली गाडी धुराच्या तपासणीत तीनदा नापास झाली, की तिचा नंबर रद्द आणि गाडी थेट भंगारात. शहरात जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकून पोट भरणारे शेकडो. त्यांचे जीव टांगणीला लागले आणि बाबांना साक्षात्कार झाला.

विधी सोपा होता. गाडी तीन दिवस बाबांच्या बंद शेडमध्ये ठेवायची, एकांतात. मग बाबा गाडीच्या पोटाखाली तांब्याची एक डबी बसवून देत. पुढचे चाळीस दिवस पथ्य. दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही. गाडीखाली वाकून बघायचं नाही. आणि काचा बंद ठेवायच्या, कारण इंजिनाला मालकाच्या माणसांचा श्वास ओळखीचा व्हायला हवा.

“आणि माझ्यावर विश्वास ठेवूच नका!” बाबांनी खिशातून एक पावती काढून फडकवली. “सरकारी मशीनवर ठेवा. हे बघा, शून्य! सही करणाऱ्या बाई इथेच उभ्या आहेत.”

दोनशे माना वळल्या. धुराच्या तपासणी केंद्रावर मशीन चालवणारी बाई पुढच्याच रांगेत होती. तिचा दंड तिच्या मोठ्या बहिणीने, ताईने, घट्ट धरला होता. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. एवढ्या लोकांनी एकदम बघितल्यावर धाकटी किंचित हसली. हे हसू तिला पुढे जन्मभर छळणार होतं.

फडकवलेली पावती ताईच्याच व्हॅनची होती. ताईचा नवरा, धाकटीचे भाऊजी, त्या व्हॅनमधून दुकानांना माल पोचवायचे आणि सकाळी जाताजाता लेकीला शाळेत सोडायचे. व्हॅन पंधरा वर्षांची, इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. दोनदा नापास. तिसऱ्या वेळी काही झालं असतं तर घराची चूल बंद. भाऊजींनी व्हॅन बाबांकडे नेली, तीन दिवसांनी केंद्रावर आणली आणि मशीनने चक्क शून्य दाखवलं.

त्या दिवशी भाची सोबत होती. नाव काहीही असलं तरी तिला चिमीच म्हणत. वय नऊ, आणि आकड्यांचं भारी वेड. मावशीच्या केंद्रावर आली की स्टुलावर चढून पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायची. पडदा चार आकडे दाखवायचा. पहिला विषारी कार्बन मोनॉक्साइडचा, दुसरा न जळलेल्या इंधनाचा, तिसरा कार्बन डायऑक्साइडचा, चौथा ऑक्सिजनचा. पावतीवर रकाने मात्र दोनच. त्यामुळे केंद्रावर कोणी खालचे दोन आकडे बघत नसे. धाकटीनेही आठ वर्षांत कधी बघितले नव्हते.

“शून्य, शून्य, शून्य, वीस पॉइंट नऊ,” चिमीने वाचलं. मग कपाळाला आठी. “मावशी, बाकीच्या गाड्यांचा चौथा एक येतो, फार तर दोन. हिचा वीस कसा?”

“चांगली गाडी आहे म्हणून.”

“पण मघाशी नळीत घालायची ती सळई नुसती टेबलावर पडली होती ना, तेव्हापण वीस पॉइंट नऊच होता.”

“चिमे, गप बस जरा. मागे रांग लागलीय.”

धाकटीने सही केली. शून्य कधीच कुठल्या गाडीचं येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मशीन दोनदा तपासलं, मशीन ठीक होतं. मनात पाल चुकचुकली, पण भाऊजींचा चेहरा इतका उजळला होता की तिने ती चुकचुक ऐकलीच नाही. त्यानंतर बाबांच्या आणखी दहा गाड्या आल्या. दहाही शून्य. दहांवरही तिची सही.

आठवडाभरात चिमीचं डोकं दुखायला लागलं. सकाळी पाऊण तास व्हॅनच्या मागच्या सीटवर बसायची, शाळेत उतरताना झोकांड्या खायची, एकदा फाटकाशीच ओकली. दुपारपर्यंत बरी. भाऊजींचंही डोकं जड व्हायचं, पण ते पुढे बसायचे आणि माल उतरवायला घडीघडी दार उघडायचे.

“ताई, ती रविवारी बरी असते. काहीतरी गाडीतच आहे,” धाकटी म्हणाली.

“बाबा म्हणाले, इंजिन ओळख करून घेतंय. चाळीस दिवसांनी थांबेल.”

“निदान काचा तरी उघड्या ठेवा गं.”

“म्हणजे पथ्य मोडू?” ताई उसळली. “आणि गाडीतून विष येत असतं तर तुझ्या मशीनने सांगितलं नसतं? तूच सही केलीस ना?”

तिची सही तिच्याच तोंडावर मारली गेली होती.

तेविसाव्या दिवशी रस्त्यावर मोठी कोंडी होती. व्हॅन सव्वा तास मुंगीच्या पावलाने सरकली. ताईही त्या दिवशी पुढे बसली होती. पुढच्या जाळीतून थोडी हवा यायची, तरी दोघांची डोकी भणभणत होती. मध्येच चिमीने काच खाली केली. ताईने मागे हात घालून ती लावून घेतली आणि पोरीला दटावलं. शाळेच्या फाटकाशी दार उघडलं, तेव्हा चिमी सीटवर कलंडलेली होती. हाक मारली, गदागदा हलवली, डोळे उघडेनात.

“बंद खोलीत शेगडी पेटवली होती?” हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग गाडी?”

“गाडीत काही नाही,” धावत आलेली धाकटी म्हणाली. “मी स्वतः तपासलीय. शून्य आहे.”

डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसत होत्या. “तुम्ही गाडी तपासलीत, मी रक्त तपासलंय,” त्या म्हणाल्या. “पोरीच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलाय. त्याला ना वास, ना रंग. ती जगेल असं वाटतंय. पण मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळालेला नाही. जाग आल्यावर काय शिल्लक असेल, हे आज मी सांगू शकत नाही.”

ऑक्सिजन! धाकटीला चिमीचं वाचन आठवलं. शून्य, शून्य, शून्य, वीस पॉइंट नऊ. इंजिन ऑक्सिजन खातं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, हे ती आठ वर्षं शिकाऊ मुलांना घोकून घेत होती. त्या नळीतून येत होती ती साधी हवा. टेबलावरची, रस्त्यावरची, सगळ्यांची हवा. इंजिनाचा धूर तिथून येतच नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीला ते दिसलं होतं आणि मावशीने तिला गप बसवलं होतं.

ती तडक केंद्राच्या साहेबांकडे गेली. “अकरा गाड्या रस्त्यावर आहेत, आजच्या आज थांबवा.”

“फॉर्मवर रकाने किती?” साहेबांनी विचारलं.

“दोन.”

“दोन्ही शून्य. आपण नियमाने चाललोय. सोमवारी बघू. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका.”

शनिवारी ताई बाबांकडून परत आली ती भुतासारखी. चिमीने डोळे उघडले होते, पण आईला ओळखलं नव्हतं.

“बाबांनी विचारलं, काच उघडली होती का,” ताई म्हणाली. “उघडली होती गं तिने. क्षणभरच. तेवढ्यात पथ्य मोडलं म्हणे. उद्या व्हॅन आणा, पुन्हा समजूत घालतो, पोर सुधारेल म्हणाले.”

“उद्या मीही येते,” धाकटी म्हणाली. रात्री तिने उरलेल्या दहा मालकांना फोन केले. चौघांनी ऐकलं. सहा जणांनी बाबांचं नाव घेऊन फोन ठेवला, आणि त्यातले काही उद्या आवारातच भेटणार होते.

रविवारी आवार पुन्हा भरलं. भाऊजींनी सगळ्या काचा उघड्या टाकून व्हॅन आणली. धाकटीने केंद्रावरचं मशीन कोणालाही न विचारता ढकलगाडीवर घालून आणलं होतं.

“या, या!” बाबा फुलले. “मशीनबाई स्वतः आल्या! दाखवा लोकांना शून्य!”

“दाखवते. बाबा, तुमचा रुमाल द्या.”

रुमाल तिने दोऱ्याने नळीच्या तोंडावर लटकवला. इंजिन सुरू केलं. रुमाल फडफडला, पांढरा राहिला, गर्दीने टाळ्या पिटल्या. मग भाऊजींनी इंजिन बंद केलं, आणि तिने सांगितल्याप्रमाणे चावी पूर्ण मागे न नेता एक घर पुढेच ठेवली, म्हणजे बॅटरी चालू राहील.

इंजिन गप्प. रुमाल मात्र फडफडतच होता.

“इंजिन बंद आहे,” धाकटी म्हणाली. “मग फुंकतंय कोण?”

बाबा क्षणभर गोरेमोरे झाले. पण गडी तयारीचा. दोन्ही हात वर करून ओरडले, “मायबापहो! इंजिन थांबलं, श्वास थांबला नाही! पुरतं नांदलं!”

आणि काय सांगावं, पुढच्या रांगेतल्या पाचपन्नास माणसांनी हात जोडले! धाकटीला हसावं की रडावं कळेना. तिने पान्हा घेतला आणि सरळ गाडीखाली शिरली.

“पथ्य! पथ्य!” बाबा किंचाळले.

“पथ्य माझ्या पोरीने पाळलंय,” भाऊजी म्हणाले आणि बाबांच्या वाटेत आडवे उभे राहिले.

तांब्याची डबी खाली आली. तिच्यात कुठल्यातरी जुन्या गाडीच्या हीटरमधला पंखा होता, बॅटरीच्या वायरला जोडलेला. तो बाहेरची हवा ओढायचा आणि सायलेन्सरच्या शेपटातून फुंकायचा. सायलेन्सर मध्येच कापून पत्र्याचं बूच वेल्डिंगने बसवलं होतं. खरा धूर त्याच्या अलीकडे पाडलेल्या भोकातून बाहेर पडत होता, बरोबर मागच्या सीटच्या खाली, जिथे पंधरा वर्षांच्या गंजाने तळ चाळणीसारखा झाला होता. काचा बंद कशासाठी? त्या भोकातली फटफट आत बसणाऱ्याला ऐकू येऊ नये म्हणून.

धाकटीने मशीनची सळई रिकाम्या व्हॅनच्या मागच्या सीटवर ठेवली, काचा लावल्या, इंजिन सुरू केलं आणि पहिला आकडा मोठ्याने वाचायला लागली.

“शून्य पॉइंट शून्य दोन. शून्य पाच. शून्य नऊ.” आकडा चढतच होता. “शून्य पॉइंट चौदा. लहान वाटतो ना आकडा? डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. एवढ्या हवेत मोठा माणूससुद्धा तासाभरात आडवा होतो.”

एकदम कालवा झाला, बाह्या सरसावल्या गेल्या, कोणीतरी बाबांची गचांडी धरली.

“त्याला पोलीस बघतील!” धाकटी ओरडली. “आधी आपापल्या काचा उघडा! गाडी नापास झाली तर होऊ दे, इंजिन खोला, दुरुस्त करा, नाहीतर विका. पण पोरं बसतात त्या गाडीखाली एकदा वाकून तरी बघा. आणि कोणी म्हणालं बघू नका, तर आधी तिथेच बघा. मीही बघितलं नाही. माझ्यासमोर चारही आकडे होते. पावतीवरची सही माझी आहे, आणि मी गुन्हेगार आहे.”

सीटवरच्या सळईकडे बघत ताई खाली बसली. “काच मी लावली,” ती म्हणाली. “तिने उघडली होती, मी लावली.” धाकटी तिच्याशेजारी मातीत बसली आणि तिला कुशीत घेऊन हमसून हमसून रडली. खोटं बोलून तिची समजूत घालणं धाकटीला जमलं नाही.

बाबा गजाआड गेले. धाकटीला दोन महिने कामावरून दूर ठेवलं, मग परत घेतलं, कारण मशीन चालवायला दुसरं कोणी नव्हतं. फॉर्मवर रकाने अजून दोनच आहेत. ती खालचे दोन आकडे समासात पेनाने लिहिते. गाडीवाले वैतागतात.

चिमी आता चालते. बोलते, पण शब्द सापडायला वेळ लागतो. परवा ती केंद्रावर आली. मावशीने तिला उचलून स्टुलावर बसवलं.

“वाच बघू.”

“शून्य... पॉइंट... तीन,” चिमी म्हणाली. दुसरा आकडाही कसाबसा आला. तिसरा आला.

“आणि चौथा?”

चिमी पडद्याकडे बघत राहिली. आकडा तिला दिसत होता, त्याचं नाव सापडत नव्हतं. तिने बोटं उघडली, मिटली. रांगेतल्या एकाने हॉर्न दाबला. मग दुसऱ्याने.

“ओ बाई, सही करा ना! मागे रांग लागलीय!”

“लागू दे,” धाकटी म्हणाली. तिने पेन टेबलावर ठेवून दिलं. “ती वाचतेय. तिचं वाचून झालं की करते.”