शून्य गुणांचा शब्द

काच ओली असताना स्वच्छ दिसते. खरी कळते ती वाळल्यावर.

प्रश्न ४ (आ). औषधाला दाद न देणारे जीवाणू कसे तयार होतात? गुण ५. मिळाले ०.

काळी मखमल, एक हात. "कशाला हवी?" शिंप्याने विचारलं. "जंतूंना बसायला." त्याने चार बोटं जास्तच कापली. वेड्यांशी वाद नको.

"सवय झाली की विषसुद्धा पचतं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याकडे बघ. वीस वर्षं तुझ्या हातचं खातेय."

पेशी पेशीपासूनच होते. हे वाक्य खडूने ओट्याच्या कडेवर. रोज पुसलं जायचं, रोज लिहिलं जायचं.

आता सरळ सांगायचं तर असं.

कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत काचसामान धुणारी एक बाई. एकोणीस वर्षं तेच काम. सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्याहून थोरला शिपाईसुद्धा. दोन वर्षांपूर्वी तिने त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला नाव घातलं. सकाळी बाकावर, दुपारी बेसिनवर. बाकीचे विषय सुटले. जीवशास्त्र राहिलं, एकदा तीन गुणांनी, एकदा दोन. तिसरी संधी शेवटची. तीही गेली तर नाव पटावरून कमी होणार, आणि ज्या बाटल्यांत काय वाढतं ते आत्ता कुठे कळायला लागलं होतं, त्या पुन्हा नुसत्या धुवायच्या.

दोन्ही वेळा एकच शब्द आडवा आला. पहिल्यांदा पेपरात लिहिलं: जीवाणूंना औषधाची सवय होते. शून्य. दुसऱ्यांदा पुस्तकातलं घोकून लिहिलं, ते बरोबर आलं. पण तोंडी परीक्षेत "तुमच्या शब्दांत सांगा" म्हटलं, आणि तिच्या शब्दांत तोच शब्द आला.

शिकवणाऱ्या बाईंना मुलं टाचणी म्हणतात. टोचतात, पण सोडत नाहीत.

"मावशी, सवय कुणाला होते?"

"रोज घेतो त्याला."

"म्हणजे एक जीवाणू रोज घोट घोट औषध पितो आणि पैलवान होतो?"

"तसं नाही?"

"तसं नाही. औषध आलं की जवळजवळ सगळे मरतात. पण एका पेशीच्या दोन होताना आतल्या मजकुराची नक्कल होते, आणि नकलेत कधी चूक राहते. त्या चुकीने एखादा आधीपासूनच वेगळा असतो. तो मरत नाही. मग उरतं ते त्याचंच खानदान."

"आधीपासून कसा असेल? औषध येणार म्हणून त्याला कुणी कळवलं?"

"कुणीच नाही. तेच तर."

मावशीने हातातला ब्रश खाली ठेवला. "बाई, तुम्ही सांगता म्हणून मी मान हलवते. आत काही बसत नाही. परीक्षेत पुन्हा तेच तोंडातून जाईल."

"मग काय करू या?"

"दाखवा."

"मी नाही दाखवणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही करा."

प्रयोग जुना, ठशांचा. एका चपट्या काचेच्या थाळीत निरुपद्रवी जीवाणूंचा सायीसारखा थर वाढवायचा. या थाळीत औषध नाही. ती निर्जंतुक मखमलीवर उपडी दाबायची, म्हणजे मखमलीच्या केसांवर थराचा ठसा उमटतो. तोच ठसा मग औषध घातलेल्या तीन थाळ्यांवर घ्यायचा. औषध भेटल्यावर जीवाणू बदलत असतील, तर तिन्ही थाळ्यांवर जगलेले ठिपके वाटेल तिथे उगवतील. आधीच वेगळे असतील, तर तिन्हींवर एकाच जागी.

"आणि मग पहिल्या थाळीत त्याच जागचे उचला," टाचणीबाई म्हणाल्या. "त्यांनी औषध पाहिलेलंही नाही. ते औषधात जगले तर तुमचा शब्द गेला."

पहिला प्रयत्न. सकाळी सात. थाळ्यांच्या कडेला खुणेची रेघ. मखमल ताणून ठोकळ्यावर बांधलेली. दाब. उचल. एक, दोन, तीन. इन्क्युबेटरचं दार बंद.

दोन दिवसांनी तिन्ही थाळ्यांत एकेक ठिपका, रेघेपासून तितकाच लांब. मावशी हसली. बाईंनी चष्मा वर केला.

"छान. पहिली थाळी?"

दोघींनी एकदमच बेसिनखाली पाहिलं. जंतुनाशकाची बादली. वापरलेली थाळी बादलीत, एकोणीस वर्षांचा नियम. हाताने परस्पर टाकली होती, तिला विचारलंही नव्हतं.

"आता सांगा, सवय कुणाला होते?"

"मला," मावशी म्हणाली. मग हात पुसता पुसता, "ह्या हाताला. हात तोच राहिला, रोज तेच करत गेला. म्हणून सवय."

बाईंनी नवी थाळी पुढे केली.

दुसरा प्रयत्न. एकही ठिपका नाही. त्या थरात वेगळं कुणी नव्हतंच.

परीक्षेला सहा दिवस.

तिसरा प्रयत्न. बादलीवर झाकण, झाकणावर स्टूल, स्टुलावर तिची स्वतःची पर्स. उजव्या मनगटाला रुमाल बांधलेला, दिसला की थांबायचं. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, लागलं का हाताला?" "लागायला नको म्हणून बांधलाय." ती मुलगी बराच वेळ विचार करत उभी राहिली.

दोन ठिपके. तिन्ही थाळ्यांत. त्याच जागी.

तिने पहिली थाळी काढली, खुणेची रेघ जुळवली आणि त्या दोन जागचे जीवाणू सुईने उचलून औषधाच्या नव्या थाळीत सोडले. शेजारीच थराच्या दुसऱ्या दोन जागांमधलेही सोडले. पुन्हा इन्क्युबेटर. पुन्हा वाट पाहणं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी पाहिलं: त्या दोन जागांचे वाढले होते, शेजारचे नाही.

तिने थाळी उजेडात धरली. खूप वेळ. मग वहीतलं जुनं उत्तर काढलं आणि "सवय" हा शब्द खोडला नाही. त्याच्याखाली लिहिलं: ही माझ्या हाताला. जीवाणूंना नाही.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना प्रयोगापेक्षा मुद्दा कळतो.

"म्हणजे जो टिकला तो मुळातच तसा होता?"

"हो."

"मग तू ह्या घरात टिकलीस ती सवयीने, की मुळातच तशी?"

"मुळातच तशी."

"वाटलंच होतं मला," सासूबाई म्हणाल्या आणि कूस बदलली.

तोंडी परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक, दमलेले, तिसाव्या विद्यार्थ्यापर्यंत पोचलेले. टाचणीबाई शेजारी, हजेरीच्या वहीत डोकं घालून. पेशीचं झालं. यीस्ट आणि जीवाणूंमधला फरक झाला. मग परीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"बरं, जीवाणूंना औषधाची हळूहळू सवय होत जाते, त्याबद्दल थोडं बोला."

मावशीने बाईंकडे पाहिलं. वहीतून डोकं वर आलं नाही. समोर पेन होतं, पेनाखाली तिच्या नावाचा रिकामा चौकोन. हो म्हणून पुढचं बरोबर सांगता आलं असतं.

"सवय होत नाही, सर."

"काय?"

"शब्द चुकतोय, सर. सवय एकालाच होते, रोज करून करून. इथे एक जीवाणू बदलत नाही. बहुतेक मरतात. जो आधीच वेगळा असतो तो उरतो, आणि पुढची सगळी त्याची."

"अहो, बोलताना म्हणतो आपण."

"बोलताना मीही म्हणायचे. दोनदा नापास झालेय."

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. "आधीच वेगळा असतो हे कशावरून?"

तिने तळहात टेबलावर उपडा दाबला, उचलला, शेजारी दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. मखमल, रेघ, दोन ठिपके, शेजारच्या दोन जागा. बादलीसुद्धा सांगितली. बादलीपाशी परीक्षक हसले, आणि घड्याळाकडे पाहायचं विसरले.

"ही थाळी आहे?"

"आहे. टाकली नाही."

त्यांनी ती मागवून घेतली, उजेडात धरली. मग चौकोनात आकडा लिहिला. वीसपैकी सतरा. "पुढच्याला पाठवा," ते म्हणाले.

यादी लागली तेव्हा तिचं नाव दुसऱ्या वर्षाच्या कागदावर होतं, खालून चौथं.

दुसऱ्यांदा नापास झाली त्या दुपारी बेसिनमध्ये चाळीस परीक्षानळ्या पडल्या होत्या. त्या सगळ्या धुऊन, उलट्या लावून, मगच ती घरी गेली होती. मुळातच तशी.