बॉयलरपुढचं गाऱ्हाणं

रावजींनी बॉयलरपुढची फरशी पाणी मारून पुसली, केळीचं पान मांडलं आणि त्यावर नारळ ठेवला. शेंडी नीट बॉयलरच्या दाराकडे वळवली. पालीच्या या कारखान्यात आंब्याचा रस डब्यांत भरायचा हंगाम गाऱ्हाणं घातल्याशिवाय कधी सुरू झाला नव्हता, आणि गेली अठरा वर्षं ते रावजीच घालत होते. बॉयलर पेटवायचं काम त्यांचं, म्हणून देवाशी बोलायचा मानही आपसूक त्यांच्याकडे आला होता.

संध्या त्यांच्या मागे उभी होती. कारखाना तिचा. खांद्यावरची पर्स तिने पोटाशी धरली होती, आणि आपण ती फार घट्ट धरली आहे हे कळूनही तिला हात सैल करता येईना. पर्समध्ये बँकेची नोटीस होती. सोमवारी कारखान्याचा ताबा घेणार. आज शुक्रवार होता. हंगाम सुरू झालेला दिसला तर ते लोक कदाचित थांबतील, अशी एक वेडी आशा धरून तिने आजचा दिवस ठरवला होता.

चाळीस बायका डोक्याला जाळीच्या टोप्या घालून अर्धगोल उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी त्या दरवर्षी विचारायच्या, ताई, यंदा क्रेट किती येणार? यंदा कुणीच विचारलं नाही. बरंच झालं, असं संध्याला वाटलं. तिला खोटं बोलायला जमत नसे.

"ताई, फुडं या," गोदूबाई म्हणाली. कारखान्यातली ती सगळ्यांत जुनी. "मागं ऱ्हायलाव तर देव म्हनंल मालकीन कंची?"

बायका हसल्या. संध्या पुढे आली.

पाच महिन्यांपूर्वी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा या सगळ्यांची पुंजी त्याच बँकेत होती. खाती संध्यानेच काढून दिली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण तिची झोप उडाली. मग तिनेच कारखान्याचा टेम्पो काढला आणि बायकांना रत्नागिरीला कलेक्टर कचेरीपुढे नेऊन बसवलं. एकदा नाही, तीनदा. निवेदन घेऊन मुंबईला मंत्र्यांच्या दारातही जाऊन आली. बँक वाचवा म्हणून घसा कोरडा केला. आणि सरकारने खरंच बँक वाचवली. बायकांनी पेढे वाटले, तिच्या हातावर दोन-दोन ठेवले.

काल बँकेच्या नव्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस सभ्य. आधी चहा मागवला, मग नोटीस पुढे केली.

"सरकारने पैसा दिला मॅडम, पण अट घातली. थकलेली कर्जं तीन महिन्यांत वसूल झाली नाहीत तर पुन्हा निर्बंध. यादीत तुमचं नाव पहिलं आहे."

"माझे पैसे तुमच्याकडेच अडकले, म्हणून हप्ते थकले. लक्षात आहे ना?"

"आहे."

"मग बँकेला मदत, आणि मला?"

साहेबांनी कपाखालची बशी सरळ केली. "कारखान्यांसाठी तशी योजना नाही."

बँक बुडाली तर संकट, आणि कारखाना बुडाला तर मालकाला धंदा जमला नाही. हे त्यांना सुनवावं असं तिला फार वाटलं, पण तिने नोटीस घडी करून पर्समध्ये ठेवली. घरी आल्यावर ती कुणापाशी एक अक्षर बोलली नाही.

रावजींनी हात जोडले.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बायकांनी साथ दिली.

"वरसाचा नारळ पुढ्यात ठेवलाय, तो मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"लेकीसुनांस वाफंपासून राख, सुरीपासून राख म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"बँकेत आडकल्याला घामाचा पैसा सोडवलास. तो पुरा हातात येवदे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

हा आवाज वरच्या पत्र्याला जाऊन भिडला. गोदूबाईने तर डोळे मिटून दोनदा म्हटलं. तिच्या नवऱ्याच्या बायपासची तारीख या पाच महिन्यांत दोनदा पुढे गेली होती. निम्मे पैसे हातात आले होते, उरलेले जूनमध्ये मिळायचे होते. संध्यानेही म्हटलं, पण ओठांतल्या ओठांत.

रावजी घसा खाकरून थांबले. आता शेवटचं मागणं. कारखान्यावर कुणाची वाकडी नजर असेल तर ती दूर कर, असं ते दरवर्षी म्हणत.

"आनि येत्या सोमवारी," ते म्हणाले, "जी पावलं ताबा घ्यायला गेटातनं आत येतील, ती आल्या वाटेनं मागं फिरव म्हाराजा."

कुणीच साथ दिली नाही.

संध्याने वळून बायकांकडे पाहिलं. सोमवारचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लेबलं लावणारी दर्शना मान खाली घालून उभी होती. तिचा मामा बँकेत शिपाई आहे, हे संध्याला आत्ता आठवलं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. अटसुद्धा ठाऊक होती. ती पावलं मागे फिरली तर बँक पुन्हा बंद पडेल, हे या चाळीस जणींना तिच्याइतकंच कळत होतं.

रावजी हात जोडून वाट पाहत राहिले. होकार आल्याशिवाय नारळ फोडायचा नसतो. मागे धुवायच्या टाकीपाशी नळ गळत होता. नका म्हणू, कुणीच काही म्हणू नका, असं संध्याला ओरडून सांगावंसं वाटलं. होकार येईल याची भीती जास्त की येणार नाही याची, तिला कळेना. ती जमिनीकडे बघत राहिली, कारण बायकांच्या तोंडाकडे बघायची तिची छाती नव्हती.

गोदूबाईने पदराने तोंड पुसलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, रोजच्या बोलण्यातलाच होता.

बाकीच्यांसाठी ती थांबली नाही. खाली वाकून तिने पानावरचा नारळ उचलला आणि रावजींच्या हातात दिला.