नकाशा माझ्या हातात

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो आम्ही दोघांनी साठी ओलांडल्यावर, आणि तोही औषध म्हणून. यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात आणि निम्मी भाषा एकदमच गेली. हात हळूहळू परत येऊ लागला, पण शब्द मध्येच अडकायचे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, रबरी चेंडू दाबून कंटाळले असतील तर गेम खेळू द्या, बोटं आपोआप चालतील. मग लांब राहणारा आमचा मुलगा सुट्टी काढून आला, टीव्हीखाली एक काळा डबा बसवला, यांच्या हातात त्याचा कंट्रोलर दिला आणि माझा टॅब त्या डब्याला जोडून दिला.

"बाबा टीव्हीवर चालतील, तू टॅबवर नकाशा बघून त्यांना वाट सांग," तो म्हणाला. "तशीही आयुष्यभर तूच सांगत आलीयेस."

यावर हे हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले, म्हणून तो टोमणा मी चालवून घेतला.

खेळ साधा होता. एक मोठं, रिकामं घर आणि त्यात हरवलेल्या वस्तू शोधायच्या. टीव्हीवर ते घर आतून दिसायचं, आपण स्वतः चालत असल्यासारखं. टॅबवर तेच घर वरून दिसायचं, भिंतींच्या रेषा, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवणारे कंस, आणि त्यांच्यामधून सरकणारा एक पांढरा ठिपका, म्हणजे हे. मी नोकरीभर एका बिल्डरच्या ऑफिसात घरांचे आराखडेच काढले, त्यामुळे असला नकाशा मला वर्तमानपत्रासारखा वाचता येतो. यांना मात्र दिशांचं पहिल्यापासून वावडं. दुपारचा चहा झाला की आम्ही सोफ्यावर शेजारी शेजारी बसायचो, मी म्हणायची, "सरळ जा, आता डावं दार," आणि हे मुकाट्याने जाऊन कपाटावर धडकायचे.

"कपाट कुठाय तुझ्या नकाशात?"

"आराखड्यात सामान दाखवत नाहीत हो."

"मग उपयोग काय तुझा?"

असं भांडायला मिळालं की मला फार बरं वाटायचं. झटक्यानंतर यांनी मला नावं ठेवणंही सोडून दिलं होतं, आणि त्याच्याइतकं वाईट मला दुसऱ्या कशाचं वाटलं नव्हतं.

दुसरा ठिपका मला दिसला तो अशाच एका दुपारी. राखाडी रंगाचा, यांच्या ठिपक्याहून किंचित लहान, घराच्या पार दुसऱ्या टोकाच्या खोलीत. हरवलेली वस्तू असेल म्हणून मी यांना तिकडे पाठवू लागले, तेव्हा तो हलला. हे चालले की तो चालायचा, हे थांबले की थांबायचा, आणि नेहमी दारातूनच जायचा, भिंतीतून कधीच नाही. त्याला घर माहीत होतं. मी टीव्हीकडे पाहिलं तर तिथे नुसता बोळ, आणि जमिनीवर खिडकीतून पडलेलं ऊन. मी यांना दुसऱ्या बाजूच्या दाराकडे वळवलं.

पुढे एकदा माझं लक्ष जरा दुसरीकडे गेलं आणि तो यांच्या खोलीच्या दारापाशी येऊन पोचला. हे त्याच वेळी मला काहीतरी सांगत होते. "तो जो... ते..." एवढं म्हणून थांबले, आणि कंट्रोलर मांडीवर कलंडला. तोंड उघडं, डोळे टीव्हीवर. मी यांच्या हातावर हात ठेवून कळ पुढे दाबली आणि यांना पलीकडच्या दाराने बाहेर काढलं. ठिपका मागे पडला, तशी यांची मान हलली.

"तो जिना गं," हे म्हणाले. "जिन्याखाली बघू."

मध्ये काही झालं होतं हे यांच्या गावीही नव्हतं.

स्वयंपाकघरात जाऊन मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्या गेममध्ये एकटाच माणूस असतो. टॅब काढून परत जोड." मी तेही केलं. तरी दिसला, तेव्हा टॅबच्या पडद्याचा फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "एकच तर आहे. चष्म्याचा नंबर तपासून घे." फोटोत मला तर दोन दिसत होते.

खेळ बंद करावा असं वाटलं, आणि डबा बिघडलाय असं सांगून मी तो बंद केलाही. पण हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, आणि मला तर दुसरीच काळजी लागली की आता तो नेमका कुठे असेल. नकाशा समोर असला की निदान कुठे आहे ते तरी कळतं. डबा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला.

तेव्हापासून मी खेळाकडे पाहणं सोडलं. वस्तू सापडोत न सापडोत, दोन ठिपक्यांमध्ये निदान एक खोली राखायची, हे यांच्या दुखण्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं औषध आणि ते देणं माझ्याकडे, असंच मी धरून चालले. हे कधी थट्टेने विचारायचे, "वाटेत कोणी आहे का गं?" मी शांतपणे सांगायची, "कोणी नाही. उजवीकडे वळा, जरा लवकर."

यांची तब्येत खरोखरच सुधारली. कप धरू लागले, पेपर मोठ्याने वाचू लागले. व्यायामाच्या बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, आता बोटांना बारीक काम हवं. कंट्रोलर तुम्ही घ्या, टॅब यांना द्या, नकाशा बोटाने सरकवू देत. मी चार्जिंग नाही म्हणाले, डोळे दुखतात म्हणाले, यांना दिशा कळत नाहीत म्हणाले. शेवटी हेच म्हणाले, "एवढा काय जीव अडकलाय तुझा त्या टॅबमध्ये?" टॅब यांच्या हातात दिला आणि कंट्रोलर घेऊन मी चालू लागले.

हे चांगली वाट सांगत होते. डावं दार, मग जिना, मग वरचा बोळ, अगदी माझ्यासारखंच ठासून. एक वस्तूही सापडली. मग हे गप्प झाले. मी वाकून टॅबमध्ये पाहायला गेले, तर यांनी तो आपल्याकडे वळवून घेतला. टीव्हीवर माझ्यासमोर लांबच लांब बोळ होता, स्वच्छ, उजेडाचा. नकाशात काय दिसतंय ते मला विचारायचं होतं.

"तुम्हाला किती..." मी म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना. रोजचा शब्द होता. मला त्याचा आकार दिसत होता, रंग दिसत होता, पण तो ओठांवर येत नव्हता. कंट्रोलरवरचा अंगठा कुणीतरी दाबून धरल्यासारखा जागचा हलेना.

यांनी आपला उजवा हात माझ्या हातावर ठेवला आणि कळ पुढे ढकलली.

"एकच आहे," हे शांतपणे म्हणाले. "उजवीकडे वळ. जरा लवकर."