आनंदीबाईंचे डोळे

फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते, आणि आनंदीबाई सकाळी सात वीसला गेल्या होत्या. म्हणजे माझ्याकडे उरले दोन तास आणि वर पाच मिनिटं.

मी वसईला एका नेत्रपेढीत काम करते. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत त्याच्या घरी पोचायचं आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढून आणायचा. त्या दोन पडद्यांवर दोन आंधळी माणसं पाहू लागतात. हे ऐकलं की लोक जरा मागे सरकतात. लग्नात माझ्या सासूबाईंनी तर पाहुण्यांना ‘दवाखान्यात असते’ एवढंच सांगून वेळ मारून नेली होती.

फोनवर आनंदीबाईंचा मुलगा देवेंद्र होता, गासहून. आईने भरलेला नेत्रदानाचा फॉर्म त्याला आत्ता तिच्या कपाटात साड्यांखाली सापडला होता. मी त्याला नेहमीच्या सूचना दिल्या. पंखा बंद करा, डोक्याखाली दोन उशा द्या, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा. तो म्हणाला, “सगळं करतो. तुम्ही फक्त वेळेत या. इथे नातेवाईक कुरकुर करतायत.”

पेढीची गाडी दुसऱ्या कामावर गेलेली, ती नेमकी कामणला अडकली होती. पुढे ट्रक बंद पडलेला, मागे रांग लागलेली. आमच्या पेढीच्या डॉक्टर केनींनी ऑफिसच्या खिडकीतून पावसाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “उन्नती, तुझ्या स्कूटरने जमेल?”

‘जमेल का’ असं का विचारलं, ते मला कळलं होतं आणि ते मला झोंबलंही. जूनमध्ये जूचंद्रच्या पुलाखाली मी पडले होते. नवी इलेक्ट्रिक गाडी, ओला रस्ता, स्पीडब्रेकरवर रंगवलेले पांढरे पट्टे, आणि वर माझी घाई. समोर रिक्षा आली म्हणून घाबरून मी रेस एकदम सोडली. पेट्रोलच्या गाडीला रेस सोडली की ती नुसती मंदावते. या गाडीचं मागचं चाक लगेच धरतं, न दाबता ब्रेक लागल्यासारखं. पट्ट्यावर चाक सरकलं आणि मी आडवी. मला फक्त खरचटलं, पण काढलेले पडदे ठेवायची पेटी फुटली आणि आतल्या बाटल्याही. दुसरी पेटी आणून पोचेपर्यंत चाळीस मिनिटं उशीर झाला होता. त्या माणसाचे चांगले धडधाकट डोळे त्याच्यासोबत जळले. डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

“जमेल,” मी म्हटलं.

पेटी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली, पायापाशी ठेवून हुकाच्या रबरी दोरीने बांधली. गाडी इको मोडवर टाकली, म्हणजे हाताला खाज सुटली तरी ती उसळणार नाही. चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहिली. साडेअकराला निघाले.

तीसच्या वर जायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. मागच्यांना ते मान्य नव्हतं. एका गाडीवाल्याने सोपाऱ्यापर्यंत हॉर्न वाजवून माझं डोकं उठवलं, आणि शेवटी पुढे जाताना अख्खं डबकं माझ्या अंगावर फेकलं. मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. हेल्मेटची काच पुसायला एक हात सोडावा लागणार होता, तो सोडला नाही. तशीच धुरकट काचेतून पाहत राहिले. गटारांच्या लोखंडी जाळ्या सरळ ओलांडत होते, त्यांच्यावर वळत नव्हते.

नालासोपारा पश्चिमेला बाजाराच्या तोंडाशी एक बाई छत्री कपाळावर ओढून सरळ माझ्यासमोर उतरली. माझ्या गाडीला आवाज नाही, वर पावसाचा गोंगाट, तिला मी ऐकूच आले नाही. खाली पुन्हा तेच पांढरे पट्टे. माझा हात रेस सोडायला निघाला होता. मी दात खाऊन तो धरून ठेवला, इंच इंच सैल केला, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबले. मागचं चाक किंचित थरथरलं, पण रस्ता सुटला नाही. बाईपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. ती छत्री वर करून म्हणाली, “हॉर्न नाय मारता येत?” मी म्हटलं, “सॉरी, मावशी.” चूक माझीच होती.

तिथून पुढे पाण्याने दोनदा रस्ता बदलायला लावला. गासच्या अलीकडे पोचले तेव्हा साडेबारा झाले होते.

तिथे रस्ताच नव्हता. दोन्ही बाजूंची शेतं आणि मधला रस्ता मिळून एकच गढूळ पाणी पसरलं होतं, निदान अर्धा किलोमीटर. कडेला चार-पाच बाइकवाले गाड्या बंद पाडून उभे होते. त्यातला एक मला पाहून म्हणाला, “तुमचं काय टेन्शन आहे? इलेक्ट्रिक आहे ना, सायलेन्सरच नाय. बिनधास्त टाका.”

पन्नास मिनिटं उरली होती. खरं सांगते, मी टाकली. दहा-बारा हात आत गेले. गाडी गुपचूप चालत राहिली, आणि तीच तर भीती. बंद पडली असती तर निदान मी थांबले असते. पाणी पाय ठेवायच्या फळीला लागलं, पेटीची पिशवी हलू लागली. बॅटरी त्या फळीखालीच असते, पाणी याच्यावर जाऊ द्यायचं नाही हे मला पाठ होतं. रस्त्याची कड कुठे संपते आणि गटार कुठे सुरू होतं, ते मात्र काही कळत नव्हतं. मी थांबले. उतरले. रेसला हात न लावता गाडी मागे ढकलत बाहेर काढली. बाइकवाला हसला.

देवेंद्रला फोन केला. “मी पाण्याच्या अलीकडे आहे. गाडी पुढे येणार नाही.”

“अहो, मग आम्ही काय करायचं? मी सगळ्यांशी भांडून आईला अशी ठेवलीये. काका विचारतायत, कधी येणार ती बाई? तुम्हाला नसेल जमत तर तसं सांगा.”

“मी चालत येते,” मी म्हटलं. रडू येत होतं आणि राग येत होता, जास्त राग स्वतःचाच. जूनमध्ये घाई केली म्हणून ते डोळे गेले. आज घाई केली नाही म्हणून हे जाणार होते.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातली प्रिस्का नावाची बाई सगळं पाहत होती. तिने आपल्या उंच पडवीत गाडी लावू दिली. “मी बघते, तू जा,” म्हणाली. मी पेटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय घातला.

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा येताना दिसला. अंगात बंडी, हातात फळं पाडायचा लांब बांबू, दर पावलाला बांबू खाली टेकत येत होता. मला वाटलं, देवेंद्रने वाडीतला गडी पाठवला. जवळ येऊन त्याने विचारलं, “डोळेवाल्या बाई तुम्हीच का?”

“हो. चला लवकर, काका. तिकडे लोक खोळंबलेत.” माझा स्वर तुसडाच होता.

“लवकर नको. माझ्या पावलावर पाऊल टाका. पुढे मोरीचं झाकण वाहून गेलंय.”

तो पुढे आणि मी मागे. पाणी गुडघ्याला लागलं, मग वर आलं. मध्यावर त्याने बांबू डावीकडे टेकवला, तो त्याच्या खांद्यापर्यंत आत गेला. त्याने बांबू बाहेर काढला आणि मला हाताने उजवीकडे घेतलं. मी गाडी चालवत गेले असते तर नेमकी तिथून गेले असते.

“तुम्हाला सगळा रस्ता पाठ आहे,” मी म्हटलं.

“पन्नास वर्षं जातोय.”

“आनंदीबाईंचे कोण तुम्ही?”

“नवरा,” तो म्हणाला. “मधू माझं नाव. झाकण परवा गेलंय. पोरांना माहीत नव्हतं, म्हणून मीच आलो.”

आणि मी त्यांना ‘चला लवकर’ म्हटलं होतं.

घरी पोचले तेव्हा एक वाजून दोन मिनिटं झाली होती. ओटीवरची माणसं बाजूला झाली. देवेंद्रने माझ्या भिजलेल्या कपड्यांकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं. आनंदीबाईंच्या डोक्याखाली दोन उशा होत्या. पापण्यांवरचा कापूस ओला होता, कुणीतरी सारखा बदलत बसलं असणार. मी हात धुतले, हातमोजे घातले. एक एकोणीसला दुसरी बाटली बंद केली. पापण्या पुन्हा नीट मिटवल्या, चेहरा होता तसाच शांत दिसत होता.

परत निघाले तेव्हा मधुकाका बांबू घेऊन दारात उभेच होते. देवेंद्रने त्यांना त्यांच्या घरच्या बोलीत अडवलं. मला सगळं कळलं नाही, पण ‘बाबा, तुम्ही इथे थांबा, मी जातो’ असंच काहीतरी असणार. मीही म्हटलं, “काका, तुम्ही त्यांच्याजवळ थांबायला हवं.”

“तिच्याजवळ सगळं गाव बसलंय,” ते म्हणाले. त्यांनी पेटीकडे बोट केलं. “हिच्यासोबत कोण आहे?”

देवेंद्र दारातून बाजूला झाला. आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. या वेळी त्यांच्या दुसऱ्या हातात छत्री होती. ती त्यांनी मागे धरली होती, माझ्या डोक्यावरच्या पेटीवर. स्वतः ते भिजत होते.

प्रिस्काबाईंनी गाडी पुसून ठेवली होती. मी पेटी पायापाशी बांधली. मधुकाकांनी दोरी ओढून पाहिली, एक हूक काढून अजून घट्ट लावला. “किती वेगाने नेणार?” त्यांनी विचारलं.

“आता घाई नाही, काका. बाटलीतल्या द्रवात चार दिवस काही होत नाही डोळ्यांना.”

“मग हळूच ने. तिला गाडीवर भीती वाटते. मागे बसली की माझा शर्ट धरून ठेवते.” त्यांनी पेटीवर हात ठेवला, पिशवीवरचं पाणी तळव्याने निपटलं. “जा आता, आनंदी.”

मी वसईपर्यंत वीसच्या वर गेले नाही. मागून हॉर्न वाजत होते, ते मी वाजू दिले.