कावीळ नव्हती

गाय तपासायला मी तिच्या आत कोपरापर्यंत हात घातला होता, तेव्हाच मेहुणा गोठ्यात शिरला आणि भांडायला लागला. गाईचा मालक गरम पाणी आणायला घरात गेला होता, तेवढ्यात तो आवाज दाबून बोलून घेत होता.

"दाजी, शाळेत पोरापोरींना काय घाण शिकवताय म्हणे?"

"थांब जरा. गाय हलतेय."

"हलू दे! एक सांगून ठेवतो, माझ्या बहिणीचं नाव त्यात आणायचं नाही. ती काविळीनं गेली. सगळ्यांना तेच सांगितलंय, तेच राहू दे. मेल्यावर तरी तिची लाज वेशीवर टांगू नका."

मालक बादली घेऊन आला, तसा तो गप्प झाला. मी हात धुतला. मालकाला म्हणालो, "हिला पांढरं जातंय, वासही मारतोय. आजच औषध सुरू कर, नाहीतर पिशवी कामातून जाईल."

"करतो की लगेच!" मालक म्हणाला.

गाईसाठी लगेच. माझ्या बायकोनं आठ महिने अंगावर काढलं. मी वीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात आहे, कुठल्या गोठ्यात काय दुखणं आहे ते मला तोंडपाठ. घरातलं कळलं तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

ती गेल्यावर आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी आल्या. म्हणाल्या, "शाळेत मी पोरापोरींना शरीराची, दुखण्यांची माहिती देते, पण मुलगे माझ्यापुढं नुसते खिदळतात हो. तुमचं ऐकतील. फुकटचं काम आहे, पण या." मी गेलो. दर बुधवारी शाळेच्या शेवटच्या खोलीत, मुली एका बाजूला, मुलगे एका बाजूला.

मेहुणा भांडून गेला, त्यानंतरच्या बुधवारी मी सांगत होतो, पाळीशिवाय रक्त गेलं, जळजळ झाली, फोड आला, तर लपवायचं नाही. मुलीनंही नाही, मुलग्यानंही नाही. मागच्या बाकावर एक बडबड्या होता, त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. तो म्हणाला, "काका, असली दुखणी शहरात. आपल्या गावात कोणाला झालीत? एक तरी नाव सांगा!"

सगळे हसले. सिस्टरनी माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या रांगेत माझी मुलगी बसली होती. तिलाही आम्ही कावीळच सांगितली होती.

"माझ्या बायकोला," मी म्हणालो. "कावीळ नव्हती. गर्भपिशवीच्या तोंडाला कॅन्सर झाला होता. अधेमधे रक्त जायचं, तिनं सांगितलं नाही. वेळेवर दाखवलं असतं, तर वाचली असती."

रेडिओ खाली मान घालून बाक नखानं कोरत बसला. माझी मुलगी उठली आणि निघून गेली.

घरी आलो तर ती मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसलेली. शेजारी नळ नुसताच वाहत होता.

"तुला आधी सांगायला हवं होतं, बाळा. चुकलो."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"आईचे कपडे मीच धुवायचे, बाबा. तुम्ही कामाला गेलात की. आईनं शपथ घातली होती. बाबांना सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली." तिनं नळाखाली हात धरला. "मी नाही सांगितलं. तरी बघावंच लागलं."

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

"सांगितलं असतं तर वाचली असती ना? तुम्हीच म्हणालात आज."

मीच म्हणालो होतो, सगळ्यांसमोर.

"तू पंधरा वर्षांची होतीस," मी म्हणालो. "नवरा मी होतो. एका अंथरुणावर झोपत होतो. 'तुला काय होतंय' एवढं तिला एकदाही विचारू नको, अशी मला कोणी शपथ घातली नव्हती."

ती रडली. मीही. मग तिनं नळ बंद केला.

"पुढच्या बुधवारी मुलींशी मी बोलते. तुम्ही आत येऊ नका, मला जमणार नाही."

मेहुण्यानं तेव्हापासून बोलणं टाकलंय. टाकू दे. बुधवारी मी बाहेर पायरीवर बसलो. आत तिचा आवाज कापत होता. दोनदा थांबलाही. मग परत सुरू झाला.